हिरड्याला टांगलेले फोन

धाकलू झोरेचा फोन खुनाच्या जागी होता, म्हणून धाकलू झोरे खुनी. एवढं सोपं गणित मांडायला पोलीस खात्याला सात महिने लागले.

घेरावाडीच्या डोक्यावर पठार आहे. तिथे कोंडिबा येडगे आणि त्याची बायको ठकूबाई दोघंच घर करून राहत. पवनचक्कीवाल्यांना त्यांचं शेत हवं होतं आणि म्हातारा-म्हातारी काही देत नव्हती. एका दुपारी दोघं अंगणात कुऱ्हाडीने तोडलेली सापडली. सात महिने तपास चालला. म्हणजे जीप आली, चहा झाला, जीप गेली. मग वरून दट्ट्या आला, तेव्हा मोठ्या साहेबांनी मोबाइल कंपनीकडून यादी मागवली, की त्या दुपारी पठारावर कोणकोणते फोन होते. नंबर निघाले एकोणचाळीस. त्यातून धाकलू निवडून कोठडीत टाकला, कारण त्याच्याकडे कुऱ्हाड होती आणि वकील नव्हता. कुऱ्हाड वाडीत घरटी आहे. वकील एकाही घरात नाही.

साक्षीदारही मिळाला. पवनचक्कीसाठी जमिनी जुळवणारा दलाल जालिंदर. धाकलूला कुऱ्हाड घेऊन येडग्यांच्या घराकडे जाताना त्याने पाहिलं होतं म्हणे.

सोमवारी कोर्टात आरोपपत्र जायचं होतं. शनिवारी हेच साहेब शेवटचे जबाब घ्यायला वाडीच्या शाळेत येऊन बसले. पोरांना सुट्टी देऊन मास्तरांची खुर्ची घेतली. जेवणाचा डबा जालिंदरनेच आणला होता, गावठी कोंबडीचा. तो ओसरीवर दात कोरत बसला होता.

धाकलूची मुलगी विमल शेळ्या पठारावर सोडून खाली आली आणि समोर उभी राहिली. तिने सांगितलं, आमच्या वाडीत रेंज नाही. सकाळी सगळी घरं आपापला फोन पिशवीत घालून माझ्याकडे देतात. मी शेळ्या घेऊन पठारावर जाते, येडग्यांच्या घराजवळच्या हिरड्याला पिशव्या टांगते, शेळ्या मागच्या उताराला चारते, संध्याकाळी पिशव्या उतरवून आणते आणि कुणाला कुणाचा फोन येऊन गेला ते घरोघरी सांगते. त्या दिवशी बापाचा फोन पिवळ्या पिशवीत झाडावर होता आणि बाप खाली ओढ्याला शेळ्यांची पिल्लं सांभाळत होता.

"फोन म्हणजे काय दुधी भोपळे, वेलीला लटकायला?" साहेब म्हणाले. ओसरीवर जालिंदर मोठ्याने हसला.

विमल हलली नाही. तेव्हा साहेबांनी यादी टेबलावर आपटली. "हा कंपनीचा कागद आहे. कागद खोटं बोलत नाही. याच कागदातून बापाला सोडवून दाखव. दुसरा पुरावा नको, दुसरा साक्षीदार नको. चार वाजता मी निघणार. नाही जमलं तर पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

ज्या कागदाने बापाला आत घातलं त्याच कागदाने बाहेर काढायचं! खुर्चीत बसलेल्या माणसालाच असलं सुचतं.

विमलने मान डोलावली आणि विचारलं, "साहेब, तुमी आत्ता कुठं बसलाय?"

"डोळे फुटलेत का? शाळेत बसलोय."

"आणि तुमचा फोन कुठंय?"

साहेबांनी खिसा चाचपला. हवालदार शेलार पुढे आला आणि पडेल आवाजात म्हणाला, सकाळी आपणच बोललात, मुंबईहून फोन यायचाय, रेंजमध्ये ठेव. म्हणून हिच्याकडे दिला. या खोऱ्यात तो पाच वर्षं नोकरी करत होता. सगळे करतात तेच त्यानेही केलं होतं.

"निळ्या पिशवीत हाय, वरच्या फांदीला," विमल म्हणाली. "कंपनीला विचारून बघा. ती सांगंल, साहेब सकाळपासनं येडग्यांच्या अंगणापाशी हायेत. कागद खोटं बोलत न्हाई."

साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता. त्यांनी कबूल केलं, की फोन तिथे म्हणजे माणूस तिथे असं होत नाही. तरी एक गोष्ट उरतेच, धाकलूला जालिंदरने डोळ्यांनी पाहिलंय.

विमल म्हणाली, मग त्याचा जबाब वाचा की. शेलारने वाचला. दुपारी दोनला मी हिरड्याखाली उभा राहून अर्धा तास आमच्या हापिसाशी फोनवर बोलत होतो, तेव्हा धाकलू कुऱ्हाड घेऊन जाताना दिसला.

"आता त्यांचा नंबर यादीत हुडका."

नंबर हुडकायला लांब जावं लागलं नाही. त्याच्या जीपवर हातभर आकड्यांत रंगवलेला होता. साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली फिरवलं, मग खालून वर. वाडीतला फुटक्या काचेचा फोनसुद्धा त्या कागदावर होता. तेवढा जालिंदरचा नव्हता.

जालिंदर दात कोरायचा थांबला. घाईघाईने म्हणाला, त्या दिवशी माझी बॅटरी उतरली होती, फोन बंद पडला होता.

"बंद फोनवर अर्धा तास काय बोलत होता, जालिंदरभाऊ?" विमलने विचारलं.

शहाणा माणूस. फोन चुगली करतो हे ठाऊक होतं, म्हणून बंद करून पठारावर गेला. आणि साक्ष देताना ऐटीत तोच फोन कानाला लावून उभा राहिला!

तो उठेपर्यंत शेलार दारात आडवा झाला होता. जालिंदरच्या जीपच्या सीटखाली कागद सापडला. येडग्यांच्या शेताच्या खरेदीचा, खाली दोन अंगठे, तारीख त्याच दुपारची. वर अंगठ्याएवढाच तपकिरी डाग. शाईचा नव्हे.

साहेब यादीकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. दोन जिवांचा प्रश्न होता तरी हसले, पण स्वतःला हसले, म्हणून चालवून घेऊ. डोळे पुसत त्यांनी विचारलं, तुला बक्षीस काय पाहिजे?

विमलने सांगितलं, बापाला ज्या जीपमधून नेलं त्याच जीपमधून आणा, सगळ्या वाडीदेखत. आणि येताना त्याला पुढं बसवा, ड्रायव्हरशेजारी.

"मी स्वतः आणतो," साहेब उठले. "माझा फोन तेवढा दे."

"पाचला मिळंल. एकाचा मधीच उतरवला की सगळी मागत्यात."

साहेब पुन्हा हसले आणि गाडीत बसले, विमल शेळ्यांकडे पठारावर निघाली. जालिंदरला कोठडीत टाकून पाचच्या आधी जीप वाडीत परतली. पुढच्या सीटवर धाकलू झोरे ताठ बसला होता, आणि मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेतलेले साहेब पठाराच्या वाटेकडे बघत होते, शेळ्या कधी उतरतात म्हणून.