फौजदाराची भूक

"बाबा, माझ्यासारखा फौजदार अख्ख्या तालुक्यात झाला का, तुम्हीच सांगा. एकदा तर खऱ्या फौजदारानं मला सलाम ठोकला होता... मग ओळखलं, आणि दोन कानाखाली दिल्या. ते जाऊ द्या."

रावजी शेगर बहुरूपी दर्ग्यासमोरच्या चिंचेखाली बसला होता. गुडघे म्हातारे, जीभ मात्र तरणी. समोर नूरशा फकीर भाकरीचं फडकं सोडून बसलेला.

"काम काय?"

"साक्ष द्यायचीय. छोटीशी."

काम असं होतं. कलावंतांचं मंडळ म्हाताऱ्या बहुरूप्यांना पेन्शन देणार होतं. नोकरदाराला पगाराचा आधार असतो. ज्याचा धंदा त्याच्याच तोंडावर, त्यानं काय दाखवावं? तर लागोपाठची तीन चांगली सालं. त्यांची सरासरी काढायची, आणि वर्षाची पेन्शन त्या सरासरीच्या वर रुपयानंही जायची नाही.

रावजीनं एका साली फौजदाराच्या सोंगात साठ हजार मिळवले होते. पुढं महादेवाच्या सोंगात पुन्हा साठ. पण दोघांच्या मध्ये एक साल आडवं पडलं होतं, अवघं सहा हजारांचं. बाकीची सालं चारचौघांत काढण्यासारखी नव्हती.

"बेचाळीसवर येतंय, बाबा. अठरा हजार बुडाले. तुम्ही एवढंच म्हणा, की मधल्या सालीही मी फौजदारच होतो. तुमचा शब्द मंडळ मोडायचं नाही. नाहीतर या गुडघ्यांवर परत गावं हिंडायची..."

"मधल्या साली कोण होतास?"

"कोण असणार? रंगानं तोंडाला फोड आले. डाक्तर म्हणाला, वर्षभर रंग नको. तसाच फिरलो, उघड्या तोंडानं. बाया म्हणायच्या, पुढं व्हा."

नूरशा दाढीतल्या दाढीत हसला.

"आधी फौजदार तर दाखव."

रावजी उठला. गुडघे कुरकुरायचं विसरले. मिशीला पीळ बसला, छाती पुढं आली, आणि त्यानं असं काही खाकरलं की चिंचेखालचं कुत्रं मुकाट्यानं उठून निघून गेलं.

बाबानं भाकरी पुढं केली. "घ्या साहेब."

"ड्युटीवर खात नाही."

"महादेव दाखव."

रावजीनं मांडी घातली, डोळे मिटले. नाकावर माशी बसली, उठली, परत बसली. महादेव ढिम्म. भाकरी पुढं आली, ती त्याच्या गावीही नव्हती.

"आता मधल्या सालचा दाखव."

रावजी गडबडला. हात कुठं ठेवावेत ते कळेना. एक हात मिशीकडं गेला, खाली आला, मांडीवर पडून राहिला. शेवटी तो नुसताच बसला...

भाकरी तिसऱ्यांदा पुढं आली.

त्यानं ती मोडली, ठेच्याला लावली आणि सकाळपासूनचा उपाशी खाईल तशी खाल्ली. सकाळपासून उपाशी होताच तो. चिंचेची सावली गार होती. पोटात ऊब उतरली, तसं त्याला एकदम बरं वाटायला लागलं.



"ठेचा झकास आहे," बोटं चाटत रावजी म्हणाला. "पण साक्षीचं काय, बाबा? माझे अठरा हजार?"

"ते फौजदाराचे," नूरशानं उरलेली चतकोर त्याच्या हातावर ठेवली. "त्याला भूक लागली, की पाठव माझ्याकडं."