टुणी बेडकी आणि आटलेला डोह

एक होता माळ. कोरडा ठणठणीत. माळावर एक नदी. नदीत एक डोह. डोहात राहायची टुणी बेडकी आणि तिची भावंडं.

टुणीची शेपटी गळली होती. भावंडांची अजून गळायची होती. शेपटीवाल्यांना पाण्याबाहेर राहता येत नाही, बरं का!

एके दिवशी काय झालं? डोह आटला. उरलं ओंजळभर पाणी. भावंडं म्हणाली, "टुणीताई, पाणी आण गं!"

निघाली टुणी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"नदीबाई, नदीबाई, माझी भावंडं जगेनात!"

"मी काय करू? झरा झरेना. त्याला सांग."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"झरेबुवा, झरेबुवा, नदी वाहेना, माझी भावंडं जगेनात!"

"मी काय करू? डोंगर पाणी धरेना. त्याला सांग."

चढली टुणी. पाय भाजले. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"डोंगरदादा, डोंगरदादा, झरा झरेना, नदी वाहेना, माझी भावंडं जगेनात!"

"मी काय करू? पाऊस येतो, धाडधाड वाहून जातो. पाणी धरायला मुळं नकोत? रोप वाढेना. त्याला सांग."

रोप होतं एवढंसं. काळं काळं, करपलेलं.

"रोपट्या, रोपट्या, डोंगर पाणी धरेना, झरा झरेना, नदी वाहेना, माझी भावंडं जगेनात!"

"मी काय करू? ठकूबाई दरवर्षी डोंगर जाळते. मी भाजतं. तिला सांग."

ठकूबाई शेळ्या राखायची. हातात काडेपेटी घेऊनच बसली होती.

"ठकूबाई, ठकूबाई, रोप वाढेना, डोंगर पाणी धरेना, झरा झरेना, नदी वाहेना, माझी भावंडं जगेनात!"

"जाळल्याबिगर गवत कसं यील गं? माझ्या शेळ्यांनी खावं काय? हो बाजूला!"

टुणी घाबरली. जाम घाबरली. तरी टुणुक! बसली काडेपेटीवरच.

ठकूबाईनं तिला चिमटीत धरलं. तशी टुणी मुतली. चुर्रर्र! काड्या भिजल्या.

खर्र. पेटेना. खर्र. पेटेना.

"मेले, काय केलंस हे! आता काड्यांपायी गावात कोण जातंय? ऱ्हाऊ दे यंदा."

टुणी पळत सुटली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. डोहात पाणी नव्हतं. चिखल तडकला होता. भावंडं हलेनात. बिचारी टुणी! खूप खूप रडली.

मग पाऊस आला. थोडासाच. गवत आलं. न जाळता आलं!

"अगं बया!" ठकूबाई म्हणाली. "मग इतकी वर्सं म्या कशापायी जाळलं?" पुन्हा काही तिनं काडी ओढली नाही.

ठकूबाई जाळेना, मग रोप वाढलं. सळसळ सळसळ.
रोप वाढलं, मग डोंगरानं पाणी धरलं. गुपचूप गुपचूप.
डोंगरानं पाणी धरलं, मग झरा झरला. झुळझुळ झुळझुळ.
झरा झरला, मग नदी वाहिली. खळखळ खळखळ.
नदी वाहिली, मग डोह भरला. भर उन्हाळ्यात!

तोवर टुणी मोठी झाली होती. तिनं डोहात अंडी घातली. शेपटीवाली पिल्लं झाली. टुणी काठावरून हलेना. सारखी बघायची, पाणी आहे ना? होतं.

एकेक शेपटी गळली. एकेक पिल्लू बाहेर आलं. टुणुक. टुणुक. टुणुक.

शेवटचं पिल्लू बाहेर आलं, तेव्हा कुठे टुणी झोपली.