परातीची घंटा

फार फार वर्षांपूर्वी, मानमोडीच्या तापानं गावंच्या गावं आडवी केली, त्या सालची ही गोष्ट. भेंडेगव्हाणच्या देवळात ख्रिस्ती बायकांचं भगिनी मंडळ होतं आणि त्याची पुढारीण होती सलोमीबाई. बाई हाडापेरानं दणकट, आणि गळा असा, की ती गायला लागली की पाळकसाहेब स्वतःचं गाणं थांबवून ऐकत राहत, असं म्हणतात.

मंडळाची एक रीत होती. जात्यावर बसण्याआधी प्रत्येकीनं मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी देवळातल्या रांजणात ओतायची. तिला म्हणायचे प्रभूची मूठ. रांजण भरला की ज्वारी विकून देवळाला घंटा आणायची, असं ठरलं होतं. घंटेचं वेड सगळ्यांत जास्त कुणाला, तर सलोमीबाईला.

रांजण काठोकाठ भरला आणि नेमकी तेव्हाच बातमी आली, की नदीपलीकडच्या डोंगरवाडीत ताप शिरलाय, चुली थंड पडल्यात. त्या वाडीत ठकू सुईण राहायची. सलोमीबाईच्या सगळ्या लेकरांची नाळ तिनंच कापलेली. सलोमीबाई तडक रांजणापाशी गेली. रांजण रिता करू या म्हणाली, तर बाया कुरकुरल्या, मग घंटेचं काय?

"घंटा वाजवून बोलवायचं कुणाला? आधी माणसं तर जगू द्या," ती म्हणाली.

झालं! ज्वारी भरडली, कण्यांची पेज शिजली, आणि डोईवर हंडे घेऊन सगळ्या निघाल्या. नदी दुथडी भरून वाहत होती. सलोमीबाईनं पाय टाकला आणि पाणी घोट्याशी उतरलं, असं म्हणतात. खरंखोटं त्या नदीला ठाऊक.

वाडीच्या वेशीत शिरताच बायांनी खड्या आवाजात गाणं धरलं. सेवेला कुठंही गेलं तरी आधी गाणं, ही मंडळाची सवयच. पण इथं सगळं मुसळ केरात गेलं. दारं धडाधड लागली. कारण भेंडेगव्हाणच्या ख्रिस्ती लोकांची दफनभूमी नदीकाठी होती, आणि वाडीनं त्यांचं गाणं आजवर ऐकलं होतं ते माणूस पुरतानाच. वाडीला वाटलं, या आता आपल्याला न्यायला आल्या.

सलोमीबाईच्या हे ध्यानात आलं. गाणं म्हणजे तिचा प्राण. पण तिनं हात वर केला.

"गप्प व्हा गं. आधी पेज, मग गाणं."

हंड्यावर झाकलेली पितळी परात तिनं उचलली आणि उलथण्यानं बडवायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. सात गावांत तो आवाज गेला, असं म्हणतात. परात वाजली की जेवण आलं, हे कुठल्याही जातीच्या पोटाला कळतं. शेवटी एक दार किलकिलं झालं. भिंतीला धरून ठकू उभी होती.

"सलोमे, मला पुरायला आलीस का गं?"

"नाही गं मावशे. तुला वाढायला आलेय."

ठकूनं वाटी तोंडाला लावली आणि वाडीची दारं भराभर उघडली. पेज वाढावी तशी हंड्यात वर येत होती, असं म्हणतात. ताप वाडीतून हटेपर्यंत सलोमीबाई रोज नदी ओलांडत राहिली आणि गाण्याचा एक शब्द तिनं काढला नाही. शेवटचा आजारी उठून बसला तेव्हा ती गायली, आणि तिच्यामागं अख्खी वाडी गायली. ठकू जगली. पुढं सलोमीबाईच्या नातवाची नाळही तिनंच कापली.

भेंडेगव्हाणच्या देवळाला अजून घंटा नाही. कितीदा कुणी देऊ केली, बायांनी घेतली नाही. दर रविवारी मंडळाची पुढारीण पायरीवर उभी राहून तीच परात वाजवते. बडवून बडवून तिला मधोमध खळगा पडलाय. सुगीच्या उपासनेला डोंगरवाडीचे लोक हंडे भरून पेज आणतात.

एकदा एक नवे पाळक आले. त्यांनी सुगीच्या उपासनेला उभं राहून गीतपुस्तकातल्या गाण्याचा आकडा सांगितला. कुणी गाणं धरलं नाही. मग वाडीची एक म्हातारी उठली आणि त्यांच्या हातात ऊन ऊन वाटी ठेवत म्हणाली, "आधी पेज, साहेब."