दयाळाचे निम्मे गाणे

एका जंगलाच्या कडेला, वनरक्षकाच्या घरामागच्या झाडावर, एक दयाळ पक्षीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. तिचा जोडीदार म्हणजे त्या रानातला नावाजलेला गवई. एकदा शहरातून एक माणूस आवाज टिपून घ्यायचे यंत्र घेऊन आला, तर हा पठ्ठ्या त्याच्यासमोर सलग तीन दिवस गायला. पुढे त्याच उन्हाळ्यात त्याला शिक्र्याने, त्या शिकारी पक्ष्याने, उचलले. पिल्लाला तेव्हा धड पंखही फुटले नव्हते. आता दयाळाने गाणे शिकायचे ते बापाकडून. त्या रानात माद्या काही गात बसत नसत. आणि ज्याला गाता येत नाही, त्याला वसंतात स्वतःची फांदी मिळत नाही. पक्षिणीला ही काळजी होतीच. पण खरे सांगू का मुलांनो, तिला त्याची फार फार आठवण येई. ते गाणे एकदा तरी कानावर पडावे, एवढेच तिला वाटे.

एका संध्याकाळी ते कानावर पडले, आणि तेही वनरक्षकाच्या खिडकीतून. पक्षीण झेपावलीच. आत टीव्हीवर मुलांची मालिका लागली होती. वनरक्षक, त्याची बायको आणि लेक मांडीला मांडी लावून बघत होते. पडद्यावर टोपी घातलेला एक निळा चित्रातला पक्षी चोच हलवत होता, आणि आवाज मात्र तिच्या जोडीदाराचा होता. त्या निळ्या सोंगाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली. गाणे निम्म्यावर आले, आणि टूथपेस्टची जाहिरात लागली : टिंग टिंग टिडिंग.

"रोज तिथेच तुटते ते," छपरावरची खार म्हणाली. "मी पहिल्या भागापासून बघतेय."

"उद्या पुरे होईल," पक्षीण म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पिल्लालाही खिडकीशी नेऊ लागली. "नीट ऐक बाळा, हे तुझे बाबा." पावसाळा गेला, थंडी आली. गाणे रोज तिथेच तुटे आणि पक्षीण रोज उद्यावर भरवसा ठेवी.

थंडी सरता सरता पिल्लू एका सकाळी फांदीवर बसून गायला लागले. पहिले सूर इतके हुबेहूब लागले की पक्षिणीने चमकून मागे वळून पाहिले. निम्मे गाणे झाले, आणि पिल्लाने पुढे सुरेख आवाजात म्हटले, "टिंग टिंग टिडिंग."

सगळे रान हसून हसून लोळले. "चोचीला पेस्ट लावायची की काय?" कावळ्याने विचारले. पिल्लाला काही उमजेना. "आई, गाणे एवढेच तर आहे ना?" ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ती आधीच जाऊन खिडकीशी बसली. आतून कोणीतरी माणूस बातम्या सांगत होता.

"मालिका संपली गं," खार हळूच म्हणाली. "काल शेवटचा भाग होता."

तरी ती तीन दिवस तिथे बसली. तिसऱ्या दिवशी पिल्लू तिला चिकटून बसले आणि म्हणाले, "आई, पुढचे कसे होते?"

"मला गाता येत नाही रे."

"पण तुला माहीत तर आहे ना?"

माहीत होते. अंड्यांवर बसून तिने ते शेकडो वेळा ऐकले होते. तिने चोच उघडली. आवाज चिरका निघाला, एका वळणावर तर चांगलाच अडखळला. पण जाहिरात लागे ती जागा मागे पडली आणि गाणे पुढे गेले, थेट शेवटापर्यंत. पिल्लू जिवाचा कान करून ऐकत होते. पक्षिणीला कितीतरी दिवसांनी रडू आले.

वसंतात त्या पोराने झाडाचा शेंडा पटकावला आणि अख्खे गाणे म्हटले. आता कोणी हसले नाही. फक्त कावळा मान वाकडी करून म्हणाला, "बापासारखेच गातो. त्या एका वळणावर तेवढा अडखळतो."

"अडखळू दे," पक्षीण म्हणाली. "तिथे मी आहे."

तात्पर्य : गेलेल्याची नुसती वाट पाहत बसू नये. त्याचे जे आपल्यापाशी उरले आहे ते, मोडकेतोडके का होईना, आपल्या तोंडाने पुढच्याला द्यावे.