हत्तीच्या गुडघ्यावरचा पहारा

जंगलात माणूस यायच्या आधीची ही गोष्ट. एका हत्तीच्या गुडघ्यात काटा घुसला. रक्तातले पहारेकरी धावले आणि त्यांनी काटा बाहेर काढला. पण पहारा उठवायचा हुकूम कोणी दिलाच नाही. रिकामे बसणे नोकरीला शोभेना, म्हणून ते समोरच्या कातडीलाच बडवू लागले.

"अहो नाईक, मी घरचीच आहे!" कातडी विव्हळली.

"प्रत्येक चोर हेच सांगतो," पहाऱ्याचा नाईक म्हणाला.

मार चुकवायला कातडीने घाईघाईने थरावर थर चढवले. गुडघ्यावर पांढरी खपली धरली.

"बघा, आता वेषांतर!" म्हणत नाईकाने आणखी कुमक मागवली.

बेजार झालेला हत्ती गुडघा झाडावर घासू लागला. रक्त आले.

नाईक समाधानाने म्हणाला, "अखेर शत्रूचं रक्त निघालं. थांबू नका रे!"