राजाची झोप आणि चाळीस फळ्या

"मेळ्यातलं एकूण एक पोर सूर्य मावळायच्या आत नदीपार करा!" राजा जालिंदररावांनी फर्मान सोडलं आणि करंजपूरच्या कलामेळ्यात एकच रडारड!

झालं होतं एवढंच. वर्षातून आठ दिवस नदीच्या वाळूत मेळा भरायचा. बाहुलीवाले, चित्रकथी, सोंगाडे, कुंभार, सगळे बिऱ्हाडासकट यायचे. आठ दिवसांचं गावच म्हणा! एक चूल, एक पंगत आणि मधोमध पोरांचा मांडव. तिथं कुंभाराचं पोरगं बाहुली नाचवायचं, सोंगाड्याची पोरगी चाक फिरवायची. कोण कुणाचं ते आयांना जेवायच्या वेळी कळायचं, तेही तोंड धुतल्यावर.

पहिल्या दिवशी राजा पुरणपोळ्या हाणून बाहुल्यांचा खेळ बघायला बसला. बाहुल्यांतल्या रावणानं मान हलवली, तोवर इकडं राजाची मान कलंडली. तोंडाचा आ! आणि घोरणं असं, की मांडवाचं कापड आत-बाहेर व्हायला लागलं. तेवढ्यात कुंभाराचा शेंबडा सोपान मोठ्यांदा म्हणाला, "आये, म्हस कुठं बांधलीया गं?"

मेळा हसला. राजा जागा झाला. फर्मान सुटलं.

आयांनी पदर खोचले. "पोरं जाणार तर आमीबी चाललो!"

"अगं, मग भाकरी कोण थापणार?" सोंगाडे ओरडले.

"थापा तुमच्या खोट्या मिशांनी!"

झालं, मेळाच मोडायची पाळी आली! तेव्हा म्हादू चित्रकथ्याची दहा वर्षांची हौसा तरातरा गेली आणि राजापुढं उभी राहिली.

"महाराज, पोरांनी काय चोरी केली?"

"माझी झोपमोड केली!"

"खेळ बघायला आलावता का झोपायला?"

प्रधानाला ठसका लागला. राजा लालेलाल! "खेळात दम नसला तर माणूस झोपणारच! जेवणावर मला जागं ठेवील असा खेळ अजून जन्माला यायचाय!"

"आमी पोरं ठेवतो की जागं."

"तुम्ही?" राजानं मिशीला पीळ दिला. "ठीक! उद्या जेवणानंतर पाण्यात घटकापात्र सोडायचं. ते भरून बुडेपर्यंत माझा डोळा लागला नाही, तर पोरं राहतील. लागला, तर पोरं नदीपार आणि तुमच्या मांडवाचं सरपण! पण ढोल नाही, गाणं नाही, सोंग नाही, बाहुली नाही. बोलायचं नाही, पाणी उडवायचं नाही, मला बोट लावायचं नाही!"

"श्वास घ्यायचा का, महाराज?"

"घे!"

"मग जमलं!"

म्हादूनं कपाळ बडवून घेतलं. "कार्टे, मेळ्यातल्या एवढ्या कलावंतांना जमलं नाही, ते तू करणार?"

"बाबा, तुमी आपली रंगाची मडकी भरून ठेवा. मागनं लागतील."

दुसऱ्या दिवशी राजानं मुद्दाम नऊ पोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर तूप. गादीवर लोड टेकून बसला, पहिली जांभई दिली आणि घटकापात्र पाण्यात पडलं.

चाळीस पोरं मुकाट आली. प्रत्येकाच्या मांडीवर लाकडी फळी, हातात काडी. सगळी बसली ती रंगमंचाकडं पाठ करून, राजाकडं तोंड करून! एक डोळा मिटून, मान वाकडी करून राजाला न्याहाळायला लागली.

"हे काय? खेळ तिकडं करतात!"

"महाराज, तुमी इचारलं म्हणून बोलते. मेळ्याची रीत हाय. पोरांनी काढलेलं चित्र कमानीला टांगायचं, मेळा उठेपर्यंत उतरवायचं नाही. आज तुमची पाळी. झोपा की निवांत! जसं दिसल तसं काढू."

राजानं कमानीकडं पाहिलं. तिथं काल सकाळचं चित्र लटकत होतं. कोतवाल, आणि त्याचं बोट नाकात. अगदी हुबेहूब! कोतवाल कालपासून घराबाहेर पडला नव्हता.

"जसं दिसेल तसं?"

"तोंड उघडं तर उघडं. लाळ गळली तर लाळ. सोपानला लाळ लई झ्याक जमते."

सोपाननं मान डोलावली.

राजा सावरून बसला. पण पोळ्या आपलं काम करतच होत्या. पापणी जरा खाली आली, की चाळीस माना खाली आणि चाळीस काड्या खर्र खर्र खर्र! राजा दचकून डोळे ताणायचा. पुन्हा पापणी, पुन्हा खर्र खर्र!

"ए शेंबड्या, काय काढतोयस?"

सोपाननं ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नाही ना!

मागून राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, पोट आत घ्या. बाजूनं फार दिसतंय!"

राजानं पोट आत घेतलं. ढेकर आली, ती गिळली. मिशी सारखी केली. घामानं टिळा ओघळला, तरी स्वारी खांबासारखी ताठ!

बुडुक! घटकापात्र बुडालं. आयांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या तीरावरचे बगळे उडाले.

"थांबा!" राजानं श्वास सोडला, त्याबरोबर पोटही बाहेर आलं. "पोरं राहतील, मांडव राहील. आधी त्या फळ्या दाखवा!"

चाळीस फळ्या फिरल्या. कोऱ्या! नुसते ओरखडे. हातातल्या काड्या बाभळीच्या वाळक्या!

"अगं लबाडे, चित्र कुठंय?"

"काढलंच नाही."

"मग ही फसवणूक झाली! खेळ लावून जागं ठेवायचं ठरलं होतं. खेळ कुठं झाला?"

"झाला की, महाराज! गादीवर चालला होता. आमी चाळीसजणं टक लावून बघत होतो. एकालाबी झोप आली नाही!"

राजाच्या पोटातून असं हसू फुटलं की पागोटं घरंगळून कुंभाराच्या चिखलात पडलं. "प्रधानजी, दरवर्षी पोरांचा मांडव सगळ्यात आधी उभारा, वर राजवाड्याचा रेशमी चांदवा लावा! आणि आज पोरांना पोटभर पुरणपोळ्या! हौसे, आता खरंखुरं चित्र काढ. कसंही काढ, पण मला झोपू दे!"

म्हादू रंगाची मडकी घेऊन धावला. हौसानं कुंचला बुडवला.

"महाराज, तोंड मिटलेलं काढू का उघडं?"

उत्तरादाखल मांडवाचं कापड आत-बाहेर व्हायला लागलं.

"सोपान," हौसा म्हणाली, "लाळ तुझ्याकडं!"