नाव निघेपर्यंत

"आणि ऐन वेळी एखादी फाईल हाताशी नसली, तर?"

विश्वंभरचं आपलं तेच पालुपद चाललं होतं.

दमयंतीआक्का शेंगा सोलत होत्या. उभी हयात संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यात घालवून त्या टेकडीवरच्या मठात येऊन राहिल्या होत्या. विश्वंभर त्यांचा शिष्य. हुशार होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

अडलेल्याला जवळचा रक्तदाता शोधून देणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. त्यात रक्तगट जुळवणारी फाईल वेगळी, रस्ता शोधणारी वेगळी, फोन लावणारी वेगळी, अशा कितीतरी. तो प्रोग्राम घेऊन संध्याकाळच्या गाडीने त्याला दूरच्या रक्तदान केंद्रावर जायचं होतं, एकट्याने. आक्का हो म्हणाल्या तरच.

"चालव बघू," आक्का म्हणाल्या.

त्याने चालवला. प्रोग्राम उठला आणि आधी सगळ्या फाईली गोळा करत बसला. आक्कांच्या शेंगा सोलून झाल्या, टरफलं भरून झाली, तरी त्याचं आपलं चालूच. आता बोला!

"काय करतोय हा एवढा वेळ?"

"सगळं जवळ घेतोय, आक्का. मागाहून काही कमी पडायला नको."

"आणि रक्त मागायला आलेला माणूस?"

विश्वंभरने पडद्याकडे पाहिलं.

आक्कांनी संगणक पुढे ओढला. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'ही आण, ती आण' असं त्याने भलंमोठं लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते सगळं पुसून टाकलं.

"अहो आक्का! मेलो ना मी!"

त्यांनी तिथे छोटीशी सूचना लिहिली.

"एवढंच सांगितलंय मी त्याला. ज्या कामाचं नाव निघेल, त्या नावाची फाईल तिच्या ठरल्या जागेवरून आण. नाव निघेपर्यंत हलू नकोस. हं, चालव."

डोळे मिटून त्याने कळ दाबली.

प्रोग्राम क्षणात उठला, अगदी रिकामा. रक्तगटाचं नाव निघालं, आणि ती फाईल आली. रस्त्याचं निघालं, तीही आली. ज्यांना कुणी बोलावलं नाही, त्या आपापल्या जागी स्वस्थ राहिल्या. दात्याचं नाव पडद्यावर आलं.

विश्वंभरने डोळे उघडून पाहिलं. जवळ काहीच नव्हतं, आणि तरी सगळं होतं! नकळत त्याचे हात जोडले गेले.

"वेड्या, यंत्राला कसला नमस्कार करतोस? गाडी चुकेल. नीघ."

आक्कांनी शेंगदाण्यांची पुरचुंडी त्याच्या पिशवीत टाकली. उंबऱ्याशी त्याचे पाय अडले. सगळा तोरा उतरला होता.

"आक्का, खरं सांगू? फाईलींची भीती नव्हतीच मला. तिकडे तुम्ही नसाल..."

आक्का मागे वळल्या. मग जाऊन आपल्या रोजच्या जागेवर बसल्या.

"माझं नाव तर घेऊन बघ."